मेजर खाली, भुंड्या वर

कोणतीही वस्ती सुधारली की नाही, हे ओळखण्याची खरी खूण एकच: तिथे कोण वर आणि कोण खाली हे कुणाला विचारावं लागत नाही. रस्ते, गटारं, वाचनालय, दिव्याचे खांब या गोष्टी मागाहून येतात. कधी येतही नाहीत. (आमच्याकडे आल्या नव्हत्या.) पण वर-खाली एकदा पक्कं झालं की माणूस बिनदिव्याच्या रस्त्यावरूनही ताठ मानेने चालतो, आणि गटारात पडलाच तर आपल्या पायरीला शोभेल असाच पडतो.

बदलापूर स्टेशनच्या पश्चिमेला हेंद्रेपाड्यात ही व्यवस्था सन १९५४ च्या सुरुवातीला पुरी झालेली होती. अकरा नवे बंगले उभे राहिले होते आणि त्यांत अंबरनाथच्या कारखान्यांतले अधिकारी, हेडक्लार्क आणि ओव्हरसियर राहायला आले होते. सकाळी हे सर्वजण प्लॅटफॉर्मवर हुद्द्याच्या क्रमाने उभे राहत. कुणी खडूने रेघा मारून दिल्या नव्हत्या. एखाद्याला बढती मिळाली की तो दुसऱ्या दिवशी दोन पावलं पुढे सरके आणि बाकीचे काही न बोलता दोन पावलं मागे होत. बंगल्यांच्या पलीकडे शेतं होती. शेतकरी खाली होते. जमीनही तिकडे उतरतीच होती, तेव्हा या व्यवस्थेला निसर्गाची हरकत होती असंही म्हणता येत नव्हतं.

हरकत घेतली ती दोन कुत्र्यांनी. त्यांच्या वर्तनाची चौकशी करण्यासाठी जी उपसमिती नेमली गेली तिचा चिटणीस मी होतो, आणि दप्तर अजून माझ्याकडेच आहे. म्हणून पुढील मजकूर ऐकीव नाही, इतिवृत्तावरून घेतलेला आहे.

पहिला कुत्रा मेजर. हा चिंतामणराव दिघ्यांचा. चिंतामणराव आमच्या मंडळाचे अध्यक्ष आणि प्लॅटफॉर्मवर सर्वांत पुढे उभे राहणारे गृहस्थ. सत्तेचाळीस साली त्यांच्या कारखान्यातला इंग्रज साहेब विलायतेला गेला, तेव्हा त्याने देश सर्वांना मिळून दिला आणि अल्सेशियनचं पिल्लू एकट्या दिघ्यांना. (दोहोंपैकी पिल्लाची निगा अधिक चांगली राहिली.) मेजरला मराठी कळत नसे, आणि याचा दिघ्यांच्या घरात अभिमान होता. दिघ्यांच्या पत्नी माई त्याच्याशी 'कम', 'गो' आणि 'नो' या तीन शब्दांत बोलत. याच तीन शब्दांवर त्यांनी सात वर्षं मेजर सांभाळला होता, आणि माझ्या माहितीप्रमाणे दिघेही.

दुसरा कुत्रा भुंड्या. हा विठाचा. विठा म्हणजे बंगल्यांना लागून जिचं शेत होतं ती विधवा बाई. एकटीच राहायची, भात लावायची, पंधरा कोंबड्या पाळायची. भुंड्या लहान असताना बैलगाडीच्या चाकाखाली त्याची शेपटी गेली, त्यावरून हे नाव. रंग विटकरी, वजन अंदाजे तीस पौंड, त्यातले दोन पौंड चिखल. भुंड्या येण्याआधीच्या हिवाळ्यात विठाच्या अकरा कोंबड्या रानमांजरांनी नेल्या होत्या. भुंड्या आल्यापासून एकही नाही. ही माहिती तिने पुढे उपसमितीला दिली. उपसमितीने ती 'कोंबड्या' या सदराखाली नोंदवली आणि विषय कुत्र्यांचा असल्यामुळे विचारात घेतली नाही.

प्रकार घडला तो रविवार, दहा जानेवारीला. माई सकाळी सांडगे वाळत घालायला अंगणात आल्या आणि समोरच्या मैदानात त्यांना जे दिसलं ते त्यांनी मंडळाकडे दिलेल्या अर्जात पुढीलप्रमाणे वर्णन केलं आहे: "आमचा मेजर उताणा. चारी पाय वर. विठाचा कुत्रा त्याच्या छातीवर उभा, तोंड मेजरच्या गळ्यात. सदरहू प्रकार उघड्या मैदानात, रविवारी, सर्व बंगल्यांच्या खिडक्या उघड्या असताना."

मेजरला जखम झाली की काय, याविषयी अर्जात काही नाही. झाली नव्हती. तो थोड्या वेळाने घरी आला, पाणी प्यायला आणि शेपटी हलवत पुन्हा मैदानात गेला. पण खिडक्या उघड्या होत्या, हे नाकारता येत नव्हतं.

त्याच संध्याकाळी हेंद्रेपाडा नागरिक सुधार मंडळाची तातडीची सभा भरली आणि 'श्वानझुंज निर्णय उपसमिती' स्थापन झाली. अध्यक्षपदी आण्णा. आण्णा निवृत्त हेडमास्तर. त्यांची निवड एकमताने झाली, कारण बैठका त्यांच्या घरी भरायच्या होत्या आणि हात असलेली खुर्ची तिथे एकच होती. सभासद कमळाकर. हे कारखान्याच्या टाइम ऑफिसात होते आणि त्यांच्याकडे स्टॉपवॉच होतं. चिंतामणराव फिर्यादी पक्षाचे असल्यामुळे त्यांना उपसमितीत बसता येत नव्हतं. ते खुर्ची घेऊन शेजारी बसत.

उपसमितीपुढे प्रश्न एवढाच होता: मैदानात चाललंय तो खेळ की झुंज? खेळ ठरल्यास काहीच करायचं नव्हतं. झुंज ठरल्यास भुंड्याला कुचल्याचा, म्हणजे विषाचा, लाडू घालायचा होता. नंतर धावपळ नको म्हणून लाडू आधीच करून ठेवावा, अशी सूचना कमळाकरांनी मांडली आणि ती पास झाली. लाडू बेसनाचा होता. वर बेदाणा लावला होता. आण्णांनी तो बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवून डब्यावर 'न्यायप्रविष्ट' अशी चिठ्ठी डकवली, कारण त्यांच्या घरात लाडू आवडणारी माणसं होती.

येथवर उपसमितीचं काम निर्दोष झालं. अडचण पुढची होती. खेळ म्हणजे काय, हे आमच्यापैकी कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. आण्णांनी बत्तीस वर्षं शाळा चालवली होती, तेव्हा त्यांचा या विषयाशी संबंध फक्त तो थांबवण्यापुरता आलेला. कमळाकरांनी आपण लहानपणी एकदा खेळल्याचं सांगितलं. तपशील त्यांना आठवेना. शेवटी नाइलाजाने विठाला बोलावलं.

ती ओट्याच्या खालच्या पायरीवर बसली. लाडवाचा डबा वर कोनाड्यात होता आणि त्यात काय आहे ते तिला माहीत होतं. तिची नजर तिथून हलत नव्हती. आण्णांनी विचारलं, ही झुंज नव्हे असं तू कशावरून म्हणतेस?

"खेलतान ते, आण्णा," विठा म्हणाली. "झुंजनारा कुत्रा येगला. ह्यो तुमचा मोठा आधी पुढचं पाय भुईला टेकतो नि ढुंगान वर करतो. म्हंजे चल, आता लुटूपुटूचं. मंग मुद्दाम पडतो, बारक्याला बी मजा यावी म्हनून. घटकाभर थांबत्यात, शिंकत्यात. सोडला तरी पलत नाय कोन, फिरून येतो. झुंजीत कोन फिरून येतो का?"

हे सगळं तिने एका दमात सांगितलं. एवढी महत्त्वाची बाब इतक्या सोप्या शब्दांत नोंदवणं उपसमितीला प्रशस्त वाटलं नाही. तीन बैठका घेऊन आम्ही तिचं 'निरोगी श्वानक्रीडेची लक्षणे, कोष्टक पहिले' तयार केलं. त्यात पाच रकाने होते: नमन, मुखशैथिल्य, विराम (शिंकेसह अथवा शिंकेविना), पाळी, आणि स्वेच्छा-पुनरागमन. तोंड सैल आणि उघडं असणं हे लक्षण विठाने सांगितलेलं नव्हतं. ते कमळाकरांनी स्वतः शोधून काढलं, आणि याबद्दल त्यांचे आभार मानण्यात आले.

सहावा रकाना चिंतामणरावांनी सुचवला: शेपटी. शेपटी हलत असल्यास हेतू शुद्ध समजावा. भुंड्याला शेपटीच नसल्यामुळे त्याच्या नावापुढे 'निरंक' लिहावं लागलं. निरंकचा अर्थ काय लावायचा यावर दीड तास चर्चा झाली आणि 'हेतू सिद्ध होत नाही' असा लावायचं ठरलं. हलवायला शेपटी नसणं आणि असून न हलवणं यांत फरक आहे, असं मी म्हणालो. आण्णा म्हणाले, फरक आहे, पण रकाना नाही.

पहिली परीक्षा सतरा जानेवारीला सकाळी दहा वाजता मैदानात झाली. टेबल मांडलं होतं, त्यावर चादर, चादरीवर कोष्टक, कोष्टकावर दगड. उभय पक्ष शिस्तीत हजर असावेत म्हणून दोघांनाही साखळीने बांधून आणायचं ठरलं होतं. साखळ्या कमळाकरांनी उल्हासनगरच्या कॅम्पातून आणल्या. तिथल्या निर्वासित दुकानदाराने कशाला हव्यात म्हणून विचारलं, कमळाकरांनी सर्व सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "साईं, चेन डालोगे तो भाई-भाई भी लड़ेंगे," आणि साखळ्या कागदात बांधून दिल्या. कमळाकरांनी हे उद्गार 'व्यापाऱ्यांची बडबड' या सदराखाली टिपून आणले.

साखळीने बांधलेले दोन कुत्रे समोरासमोर आणले आणि दोघेही मागच्या पायांवर उभे राहून गुरगुरले. गळ्याला फास बसल्यामुळे असेल, पण ते तपासायला रकाना नव्हता. दुपारी बारापर्यंत गुरगुरणं, ओढणं आणि खोकणं याखेरीज काहीही घडलं नाही. रक्त निघालं एकदाच. ते कमळाकरांच्या अंगठ्याचं होतं; कडीत सापडला होता.

"सोडा त्यांना," विठा कडेला उभी राहून दर पंधरा मिनिटांनी म्हणत होती. "बांधून कोन खेलतं?" शेवटी ऊन डोक्यावर आलं म्हणून ही सूचना पुढच्या रविवारपुरती मान्य झाली.

दुसरी परीक्षा चोवीस तारखेला, साखळीविना. या परीक्षेचे आकडे मी मूळ कागदावरून देतो. एकूण वेळ बावीस मिनिटं. एकूण फेऱ्या बारा. नमन: मेजर आठ वेळा, भुंड्या चार. विराम सात, सरासरी अकरा सेकंद. शिंका: मेजर चार, भुंड्या तीन, आण्णा एक. (आण्णांची वगळली.) सोडल्यावर स्वेच्छेने परत येणं: बारापैकी बारा. एका फेरीत भुंड्या दमून बाजूला जाऊन बसला, तर मेजर त्याच्याजवळ गेला, पुढचे पाय टेकून वाकला, आणि तरीही तो उठेना तेव्हा स्वतःच त्याच्यासमोर धाडकन उताणा पडला. भुंड्या उठला आणि त्याच्यावर चढला.

नमनाच्या रकान्यात थोडा वाद झाला. हे आसन पुढून पाहिल्यास नमस्कार दिसतो. पण आमचं टेबल मागच्या बाजूला होतं, आणि तिथून आठही वेळा जे दिसलं त्याला नमस्कार म्हणायला आण्णा तयार नव्हते. तरीसुद्धा बेरीज खेळाकडेच झुकत होती. आण्णांनी सहीसाठी पेनाचं टोपणही काढलं होतं. विठाने पदर तोंडाला लावला होता आणि पदराआड ती हसत असावी, असं मला वाटलं.

तेवढ्यात चिंतामणरावांनी पाळीचा रकाना वाचायला मागितला. मी वाचला. मेजर खाली: नऊ. भुंड्या खाली: दोन. एक फेरी अनिर्णित, कारण तेव्हा दोघेही आमच्या टेबलाखाली होते.

"नऊ आणि दोन," चिंतामणराव म्हणाले. मग त्यांनी फार शांतपणे मुद्दा मांडला. मेजर ऐंशी पौंडांचा. दुसरा तीस पौंडांचा. ऐंशी पौंड तीस पौंडांच्या खाली नऊ वेळा जातात, तर ते आपखुशीने जातील की जबरदस्तीने? ज्याला वर राहता येतं तो मुद्दाम खाली पडतो, ही गोष्ट विठा सांगते. पण असं घडल्याचं एक तरी उदाहरण या वस्तीत आहे काय?

मुद्दा बिनतोड होता. उपसमितीने तत्काळ दाखले गोळा करायचं ठरवलं. अकरा बंगल्यांत मी स्वतः प्रश्नपत्रिका वाटली. प्रश्न असा: 'आपण आपल्याहून दुबळ्या व्यक्तीच्या खाली स्वखुशीने गेला आहात काय? असल्यास किती वेळ?' नऊ घरांतून उत्तर आलं, नाही. एका घरातून, प्रश्न कळला नाही. अकरावं घर आण्णांचं. त्यांनी मोकळ्या मनाने लिहिलं होतं की आपण जावयाशी पत्ते खेळताना नेहमी मुद्दाम हरत आलो आहोत. यामुळे काही काळ आशा निर्माण झाली. अधिक चौकशीत असं आढळलं की जावई त्या वर्षांत शाळा तपासनीस होते आणि आण्णा हेडमास्तर. दाखला बाद झाला.

विठाला प्रश्नपत्रिका दिली नाही. ती बंगल्यात राहत नव्हती.

निकाल सत्तावीस जानेवारीला संध्याकाळी आण्णांच्या ओट्यावर वाचला. मजकूर लहान आहे: "ज्याअर्थी बलवान पक्ष दुर्बळ पक्षाखाली स्वखुशीने गेल्याचा एकही दाखला उपलब्ध नाही, आणि ज्याअर्थी शेपटीअभावी हेतू सिद्ध होत नाही, त्याअर्थी सदरहू प्रकार झुंज होय." लाडू उद्याच घालावा असं चिंतामणरावांचं म्हणणं होतं. पण उद्या गुरुवार, गुरुवार दत्ताचा, आणि दत्ताच्या पायाशी चार कुत्रे असतात; ते बरं दिसणार नाही म्हणून शुक्रवार मुक्रर झाला. आमच्या उपसमितीवर धर्माचा विसर पडल्याचा आरोप कुणी करू नये.

विठा उठून उभी राहिली. भुंड्या तिच्या पायाशी होता आणि आण्णांच्या मांजराकडे पाहत होता. ती रडेल, असं आम्हाला वाटलं होतं आणि त्यासाठी इतिवृत्तात जागाही सोडली होती. ती चिंतामणरावांना म्हणाली, "साहेब, एक इचारू? तुमी तुमच्या बाल्यासंगं कुस्ती खेलताव ना अंगनात. मी बगते शेतातनं. तवा कोन जिकतो?"

"मी," चिंतामणराव म्हणाले. "अर्थात मी."

(मुलाचं वय सात.)

"दर टायमाला?"

"दर वेळी. त्याशिवाय कळणार कसं त्याला?"

विठा भुंड्याला घेऊन निघाली. सोडलेल्या जागेत मी रेघ मारली. माई दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता उपसमिती डबा घेऊन विठाच्या झोपडीवर गेली. लाडू चुकून मेजरने खाऊ नये म्हणून त्याला पहाटेच साखळीने बांधला होता. विठा कोंबड्यांना कणी टाकत होती. भुंड्या कुठे आहे, म्हणून आण्णांनी विचारलं. "गेला," ती म्हणाली, आणि हात नदीच्या दिशेने हलवला. नंतर कळलं, गुरुवारी उजाडताच होडीने उल्हास ओलांडून तिने त्याला पलीकडच्या पाड्यावर, अंजनी नावाच्या बहिणीकडे नेऊन ठेवलं होतं आणि स्वतः परत आली होती, कारण कोंबड्या होत्या. दप्तरात 'आरोपी फरारी' अशी नोंद झाली. पुढच्या चार दिवसांत विठाच्या सहा कोंबड्या गेल्या. ती नोंद योग्य त्या सदराखाली आहे.

आता उपसमितीचं काम संपलं, असं कुणालाही वाटेल. वस्तीत पुन्हा वर ते वर आणि खाली ते खाली झालं होतं. पण मेजरने जेवण सोडलं. साखळीला तोंड लावून तो फाटकाकडे पाहत पडून राही. चिंतामणरावांनी त्याला इंग्रजीत समजावलं. कल्याणहून गुरांचे डॉक्टर आणले. त्यांनी जीभ पाहिली, डोळे पाहिले आणि काही झालेलं नाही असं सांगितलं, जे खरं होतं. पाचव्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, चिंतामणराव कामावर गेल्यावर माईंनी साखळी सोडली. शेजारच्या बंगल्यातून हे पाहिलं गेलं. त्या म्हणाल्या, "गो." त्यांच्याकडच्या तीन शब्दांपैकी तो तेव्हा पहिल्यांदाच उपयोगी पडला असावा. मेजर नदीपर्यंत पळत गेला आणि बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला, जिथे माणूसही होडीवाचून जात नाही, तिथून पोहून पलीकडे गेला.

चिंतामणरावांनी नवीन अर्ज दिला: विठाच्या कुत्र्याने मेजरला फूस लावून पळवलं.

सबब सात फेब्रुवारीच्या रविवारी उपसमिती स्थळपाहणीसाठी उल्हासच्या काठावर गेली. सोबत कोष्टक, स्टॉपवॉच आणि डबा. पलीकडच्या रेतीत दोघेही दिसले. मेजर वाळला होता. त्याने पुढचे पाय टेकले, वाकला, आणि उताणा पडला. भुंड्या त्याच्या छातीवर चढला. कमळाकरांनी सवयीने घड्याळ लावलं.

चिंतामणराव पाण्याच्या कडेपर्यंत गेले आणि त्यांनी हाक मारली. "मेजर! कम!"

मेजर उठून उभा राहिला. त्याने इकडे पाहिलं. एकदा शिंकला. मग पुन्हा उताणा पडला.

"आण्णा," कमळाकर म्हणाले, "हा पाचवा रकाना. स्वेच्छा-पुनरागमन. कुणी पोहत जाऊन मार खातं का? आपला निकाल चुकला."

कमळाकर प्लॅटफॉर्मवर चिंतामणरावांच्या मागे सातव्या जागेवर उभे राहत. चिंतामणरावांनी त्यांना ती जागा सांगितली. कमळाकर म्हणाले, ही नदी आहे, प्लॅटफॉर्म नाही. यानंतर जे झालं ते मी कोष्टक पहिले यातच भरलं, कारण दुसरा कागद बरोबर नव्हता. नमन: नाही. तोंड: बंद, दात आवळलेले. वर: चिंतामणराव. खाली: कमळाकर, तोंड रेतीत. पाळी: नाही. विराम: नाही. शिंका: नाहीत. आण्णांनी छत्रीच्या दांड्याने सोडवलं. सोडल्यावर स्वेच्छेने परत येणं: कुणीही नाही, दोघे वेगवेगळ्या वाटांनी घरी गेले. शेपटी: उभय पक्षी निरंक.

सोमवारी प्लॅटफॉर्मवर सर्वजण क्रमाने उभे होते. कमळाकर आठवे होते.

उपसमितीची बैठक त्यानंतर भरली नाही. गणसंख्या नाही म्हणून भुंड्यावरचा ठराव आपोआप रद्द झाला, असं आण्णा म्हणतात. महाशिवरात्रीच्या सुमारास एका सकाळी दोन्ही कुत्रे परत आले. ते आलेले कुणी पाहिले नाहीत, असं सर्वांनी ठरवलं. दर रविवारी सकाळी ते मैदानात असतात, आणि मैदानाकडच्या सर्व खिडक्या रविवारी सकाळी बंद असतात. एका खिडकीची फट उघडी दिसते. ती दिघ्यांच्या मुलाच्या खोलीची. विठाने नवी पिल्लं घेतली आहेत, कोंबडीची. इतकी वर्षं बिनखिडक्यांच्या झोपडीत राहूनही तिचं काही अडलेलं दिसत नाही.

दप्तर बंद करण्यापूर्वी एकच बाब राहते. ती वाचकांची. आपण गेली पंधरा-वीस मिनिटं आमच्या वस्तीशी जे करीत आहात, ते खेळ की झुंज, याची नोंद चिटणीस या नात्याने मला करावी लागेल. मुखशैथिल्य: समाधानकारक, आपलं तोंड बराच वेळ उघडं होतं. विराम: एक, बहुधा चहासाठी. स्वेच्छा-पुनरागमन: चहानंतर आपण परत आलात, हे मान्य. अडचण पाळीच्या रकान्यात आहे. आण्णा खाली गेले. कमळाकर रेतीत गेले. चिंतामणराव किती वेळा गेले ते मोजायचं मी सोडून दिलं, आणि मी पहिल्या ओळीपासून खालीच आहे. आपण एकदाही नाही. आम्ही हेंद्रेपाड्याचे, आपण शहाणे, असं न विचारता धरून आपण सबंध वेळ आमच्या छातीवर उभे आहात.

नियमाप्रमाणे ही झुंज ठरते. डबा माझ्यासमोर आहे. बेसन जरा खवट झालं असेल, पण बेदाणा शाबूत आहे. मात्र मी चिंतामणरावांसारखा घाईचा नाही. आपल्याला एक फेरी देतो. दुबळा मी, बलवान आपण. कमळाकरांचं घड्याळ माझ्याकडेच राहिलं आहे आणि ते मी आत्ताच लावलं.

पडा.